उजव्या कानात सांगितलेलं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. सकाळी सातला खोपटच्या एसटी डेपोत उतरले, तर केदार दारातच उभा. हा माझा धाकटा भाऊ बाप झालाय, यावर अजून विश्वास बसत नाही. खांद्यावर दुधाचा डाग घेऊन स्वारी जगभर हिंडतेय. ठाकुर्लीला घरी येईपर्यंत टॅक्सीत त्याने बाळाचे इतके फोटो दाखवले, की प्रत्यक्ष बाळ पाहिल्यावर जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

कादंबरीला, म्हणजे भावजयीला, आई नाही. म्हणून बाळंतपणाला मी. शाळेतून दीड महिन्याची रजा मागितली तेव्हा मुख्याध्यापकांनी तोंड वाकडं केलं, मी त्याहून वाकडं केलं. रजा मिळाली. बाळ आज चार दिवसांचं. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावतं आणि झोपेत भुवया उडवतं, अगदी आमच्या बाबांसारखं. नेहमीप्रमाणे रोजचं सगळं या वहीत लिहून ठेवणार आहे. मोठा झाला की त्यालाच देईन.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाळाला न्हाऊ घालायला कलावतीबाई येतात. साठीच्या, खाली गावठाणात राहणाऱ्या. पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडगीवर पालथं घेतात आणि असं तेल रगडतात की मलाच झोप येते. मग ओव्याची धुरी. काम चोख आहे, पण तोंडात कायम मिश्री आणि ओठ फाटलेले.

आज मी बाळाचा गालगुच्चा घेऊन पापी घेतली, तर मला म्हणाल्या, "ताई, पोराला तोंड नका लावू. मी चाळीस वर्सं पोरं न्हाऊ घालते, कदी तोंड नाय लावलं." मला! सख्ख्या आत्याला! मी विज्ञान शिकवते, स्वच्छता मला शिकवू नका, असं त्यांना ठणकावून सांगितलं. कादंबरी गालात हसत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस तापाने फणफणले होते. बसमधला एसी बाधला असणार. पलीकडच्या खोलीत पडून राहिले, बाळाला हातही लावला नाही. आज ताप उतरला. परवा पूर्ण बरी होईन. मंगळवारी बारसं आहे आणि आत्याशिवाय ते व्हायचं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बारसं झकास झालं. वरच्या हॉलमध्ये पाळणा, झेंडूच्या माळा, चाळीसेक बायका. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवून झाल्यावर मी वाकून, उजव्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं: सुश्रुत. पाठीत असे धपाटे बसले की माझं तोंड त्याच्या कानावरच आपटलं. तो दचकला, पण रडला नाही. मग मी तिथेच तीनचारदा पाप्या घेतल्या.

सकाळपासून ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड आलेत. आई म्हणायची, ताप असा ओठावाटे बाहेर पडतो, म्हणजे तो गेला. फोटोत वाईट दिसू नये म्हणून वर कादंबरीची गडद लिपस्टिक लावली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. घुगऱ्या थोड्या कमी पडल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुश्रुतच्या उजव्या कानामागे पुरळ उठलंय. चारपाच टपोरे दाणे. कादंबरीला घामोळं वाटतंय. फेब्रुवारीत कसलं घामोळं! ते तेल. कलावतीबाईंना तेल बदलायला सांगितलं. त्या नुसत्याच कानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, उद्या बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल डॉक्टर राहिलेच. आज सकाळपासून तो दूध ओढत नाही. उठवलं तरी उठत नाही. दुपारी डावा हात झटके द्यायला लागला, ठराविक अंतराने, आणि तोंडात काही नसताना तो चावल्यासारखं करत होता. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे नव्हते. कादंबरीने मारलेली किंकाळी अजून कानात आहे. माजिवड्याजवळच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये आणलंय. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. वीस दिवसांच्या पोराच्या कण्यातून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ओठावर फोड आणणारा एक साधा विषाणू असतो. मोठ्यांना नुसते फोड येतात आणि आठवड्यात जातात. विषाणू मात्र जात नाही, तो मज्जातंतूत झोपून राहतो. तान्ह्या बाळाच्या अंगात त्याला अडवणारं कुणी नसतं. तो मेंदूत शिरतो आणि पेशी मारत सुटतो. डॉक्टर हे शांतपणे सांगत होत्या. सलाइनमधून एकवीस दिवस औषध. विषाणू थांबेल, पण जे मेलंय ते परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, ओठावर फोड असलेल्या कुणी बाळाची पापी घेतली का?

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मीही.

मला आता फक्त ते माणूस हवंय. कुणीतरी माझ्या बाळाच्या डोक्यात आग लावलीय आणि घरी जाऊन जेवतंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तेच फाटलेले ओठ! मला आधीच कळायला हवं होतं. कलावतीबाई जिन्यात भेटल्या, बाळाची चौकशी करत. चार बायकांसमोर मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. ओठ दाखव म्हणाले. बाई रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी तोंड नाय लावत, ताई. तुमाला म्हायती आहे." आणि गेली. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या तिच्या कामाच्या उरलेल्या तिन्ही घरांनी तिला बंद केलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एमआरआय आला. मेंदूचा उजवा भाग — डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. पांढरं, पांढरं. चालेल का, बोलेल का, सांगता येत नाही. आपल्याला ओळखेल का, असं केदारने विचारलं. त्यांनी पडदा बंद केला.

भुवया उडवत नाही आता.

त्या बाईला पोलिसांत द्यायला हवं —

१ मार्च, शनिवार

डॉक्टरांना तारखा हव्यात. कोण कधी आलं, कुणी घेतलं. केदार म्हणाला, ताई, तुझ्या वहीत सगळं असेल. कलावतीबाईंची तारीख शोधायला मी बसले. पक्का पुरावा काढणार होते.

पाच तारीख. आठ तारीख.

अकरा —

माझं अक्षर आहे. निळी शाई. ओठाच्या कडेला पाण्याचे

नाही. कानामागे होते ते दाणे. उजव्या. जिथे मी —

तीनचारदा. मी लिहिलंय तीनचारदा.

आणि डॉक्टरांसमोर मान हलवली तेव्हा मला खरंच आठवत नव्हतं? इतका राग कशाचा येत होता मला, इतके दिवस, कुणाचा —

संध्याकाळ

कलावतीबाईंच्या दारापर्यंत जाऊन आले. कडी वाजवली नाही. आत त्या कुणाच्या तरी पोराला अंगाई म्हणत होत्या. असेल नातवंड.

केदार दारात उभा आहे. म्हणतोय, वही दे, हॉस्पिटलला निघायचंय. डोळे सुजलेत त्याचे, माझ्यावर त्याचा विश्वास आहे. अकरा तारखेचं पान मी धरलंय. वरून बोटभर फाटलंयसुद्धा. तो विचारतोय, ताई, काय फाडतेस? मी म्हणतेय, काही ना —