शुक्रवारची प्रत आणि डोंबिवलीचा गाळा

मी, मैथिली गोपीनाथ टिपणीस, वय ६७, अविवाहित, राहणार नौपाडा, ठाणे (प.), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉ. चित्रा लेले यांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कुणाला शंका असल्यास त्याने कलम दोन वाचावे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे, तसेच मी केलेच नाही पण माझ्या नावाने छापले गेले तेही, मी रद्द करते.

१. मी आयुष्यभर काय काम केले हे माझ्या घरात कुणाला कळले नाही. माझा भाचा सलील लोकांना सांगतो, "आत्या कॉम्प्युटरमध्ये होती." जणू काही मी त्यात अडकले होते. म्हणून लिहून ठेवते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट पाहत असे. एकाच प्रोग्रामवर चाळीस जण काम करतात आणि रोज त्यात काहीतरी बदलतात. कोणी काय बदलले, का बदलले, ग्राहकाकडे नेमकी कुठली प्रत गेली, याची नोंद ठेवायची आणि नोंद नसलेली प्रत दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझे काम. हुशार मंडळी याला कारकुनी म्हणत. काही बिघडले की हीच मंडळी माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारत, "मैथिली, परवापर्यंत चालत होतं ते कुठलं गं?"

२. नौपाड्यातील राहता फ्लॅट मी उपरोक्त सलील यास देते. हे प्रेमापोटी नाही. घर घेताना त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या भावाचा, निम्मा वाटा होता. तो तोंडीच राहिला होता, तो आज कागदावर आणते.

सलीलला याहून अधिक काही मिळणार नाही, त्याचे कारण असे. गेल्या दिवाळीत त्याने माझे मृत्युपत्र टाइप करून देण्याची तयारी दाखवली. पहिला मसुदा मी वाचला, ठीक होता. आठवड्याने तो घोडबंदर रोडवरून ट्रॅफिकला शिव्या घालत आला आणि जाड कागदावरची प्रत पुढे ठेवून म्हणाला, "आत्या, सही कर फक्त. फायनल आहे." मी पट्टी घेतली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. पहिल्यात डोंबिवलीचा गाळा 'कृतिका भोईर हिला मालकी हक्काने' होता. दुसऱ्यात तो 'कृतिका भोईर हिला, सलील यांच्या संमतीने, वापरापुरता' झाला होता.

"अगं तेच आहे ते," सलील म्हणाला. "नुसता फॉन्ट बदललाय."

"फॉन्ट बदलला की मालक बदलतो का रे?"

यावर त्याने टायपिंगवाल्याला दोष दिला. टायपिंग त्याने स्वतः केले होते. पस्तीस वर्षे हा व्यवसाय करणाऱ्या बाईला फसवायला निघालेल्या माणसाने निदान पहिला मसुदा तरी तिच्या घरून न्यायचा होता.

३. डोंबिवली पूर्वेचा, मानपाडा रोडवरील गाळा, त्यातील बाके, फळा व बारा संगणकांसह, मी कृतिका काळुराम भोईर, राहणार भोपर, हिला पूर्ण मालकी हक्काने देते. कुणाच्याही संमतीची गरज नाही.

नोकरी सोडल्यावर सतरा वर्षे मी या गाळ्यात शिकवले. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना सर्टिफिकेट हवे असे. "मॅडम, कमांड कुठल्या ते सांगा ना, बाकी थिअरी नको," असे म्हणणारे आज मोठ्या पगारावर आहेत आणि कुठल्याशा कंपनीत 'नवीन_शेवटचे_खरे' अशा नावाच्या फाइली करत आहेत. माझी त्यांना शिफारस नाही.

कृतिका माझ्याकडे शिकून नोकरीला लागली. तिथे तिच्या हातून चुकीची फाइल चढली आणि बसच्या तिकिटांचे बुकिंग तीन तास बंद पडले. साहेब म्हणाले, नाव घालू नकोस, सर्व्हरचा बिघाड लिही. तिने स्वतःचे नाव लिहिले. महिनाअखेरीस तिला घरी पाठवले. ती थेट वर्गात आली, मुलांसमोर.

"मॅडम, तुम्ही सांगितलेलं तसंच केलं मी. नोकरी गेली. आता बोला."

ती रडत नव्हती. माझ्यावर भडकलेली होती आणि बरोबर होती. मी खडू तिच्या हातात दिला. गेली नऊ वर्षे सकाळचा वर्ग तीच घेते, आणि माझ्याहून बरा घेते.

४. माझ्या सतरा नोंदवह्या कृतिकेकडे राहाव्यात. सन २००६ च्या वहीतील पान ११२ ची झेरॉक्स रजिस्टर पोस्टाने श्री. आनंद चौबळ यांना पाठवावी.

हे गृहस्थ आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. आमचा एक प्रोग्राम रुग्णालयात रक्ताच्या पिशव्यांवर चिकटवायची लेबले छापत असे. त्यात एक चूक होती: दोन पिशव्या पाठोपाठ नोंदवल्या की दुसरीवर पहिलीचा रक्तगट छापला जाई. ती आम्ही दुरुस्त केली होती. पण एका शुक्रवारी घाईत चौबळांनी स्वतःच्या संगणकावरची जुनी, दुरुस्तीपूर्वीची प्रत पाठवून दिली. सोमवारी सकाळी वॉर्डातल्या नर्स आवडाबाई तरे यांनी पिशवी हातात धरूनच ठेवली. "पिशवीवर एक नि कागदावर दुसरंच. मी लावणार नाय," म्हणाल्या. डॉक्टर ओरडले. त्या हलल्या नाहीत. रुग्ण वाचला.

दुपारी चौबळ माझ्याकडे आले. "मैथिली, प्रत तुझ्या मंजुरीने गेली असं लिही. एक ओळ तर आहे." मी नाही म्हटले. त्यांनी ते वर तोंडी सांगितले, आणि वरच्यांना तोंडी पुरले. मला खिडकी नसलेल्या खोलीत बसवले. मी राजीनामा दिला. चौबळ निवृत्तीनंतर क्लबहाउसांमधून 'गुणवत्ता' या विषयावर व्याख्याने देतात. झेरॉक्स त्यांना टिपणांसाठी उपयोगी पडेल.

५. बँकेतील शिल्लक वर्गातील मुलांच्या फीसाठी वापरावी. सर्टिफिकेट छापण्यासाठी त्यातला रुपयाही खर्च करू नये.

६. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या श्रीमती आवडाबाई तरे, राहणार कल्याण, यांना द्याव्यात आणि देताना खालील मजकूर मोठ्याने वाचावा.

ती प्रत बाहेर जाताना मी पाहिली होती. शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी वहीत लिहिले, 'विनानोंद प्रत गेली, आनंद चौबळ.' खाली सही केली आणि घरी गेले. चौबळ सापडला, या आनंदात शनिवार-रविवार मजेत काढला. रुग्णालयाचा नंबर त्याच पानावर, समासात होता. चौकशीत सगळ्यांनी विचारले, नोंद केलीत का? फोन का केला नाहीत, हे कुणी विचारले नाही. सतरा वर्षे मी वर्गात पान ११२ दाखवून चौबळांची लाज काढली आणि ही गोष्ट एकदाही सांगितली नाही.

आवडाबाई, तुम्ही हात मागे घेतलात. माझ्या हाताशी फोन होता.

वरील सहा कलमे मी दोनदा वाचली आहेत. खाडाखोड नाही. साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्या दोघांना यातून काहीही मिळत नाही आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही.

(सही) मैथिली गोपीनाथ टिपणीस

साक्षीदार:
१. (सही) डॉ. चित्रा लेले, नौपाडा, ठाणे
२. (सही) साईनाथ वैती, टेंभी नाका, ठाणे

स्थळ: ठाणे
दिनांक: ९ जानेवारी २०२५