पाठ दिसली, तोंड नाही

दादा, आज बीडच्या कोर्टात एका माणसाची फाशी टळली. त्याची वकील मी होते. हे सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी सुचेना. मी वकील झाले हेही तुम्हाला ठाऊक नाही; तोवर तुम्ही हे जग सोडलं होतं.

मी आठवीत होते. आपल्या गावात खून झाला, आणि तिन्हीसांजेला मेंढ्या वळवताना तुम्ही एकाला ओढ्यातून पळताना पाहिलं होतं. गावाने एक नाव पक्कं धरलं. मेलेल्याचा भाऊ आपल्या ओट्यावर बसून रडला. तुम्ही तोंड पाहिलं एवढंच म्हणावं, असं त्याचं मागणं होतं. आईही म्हणाली, आपल्याला गावात राहायचंय. साक्षीच्या दिवशी, आपल्या लेकीला कागद वाचता येतो म्हणून तुम्ही मला सोबत नेलंत, एसटीत खिडकीशी बसवलंत. कोर्टात मी मागच्या बाकावरून बघतेय, तुम्ही घोंगडी काखेत धरून पिंजऱ्यात उभे आहात आणि सरकारी वकील तेच तिसऱ्यांदा विचारताहेत.

"साहेब, पाठ दिसली. तोंड न्हाई दिसलं."

तो सुटला. मग दोन वर्षं गावात कुणी खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला बोलावलं नाही, आपण कळप घेऊन पार नारायणगडाकडे गेलो. तिथे चुलीपाशी मी चिडून विचारलं तेव्हा माझ्या ताटात भाकरी वाढत तुम्ही म्हणालात, "माझ्या सबदावर त्येला फाशी दिली असती आन् मागून दुसराच निघाला असता, तर त्येचा जीव कुनाकडून परत आनायचा?"

यंदा खुनाच्या खटल्यात कोर्टाने मला एका ऊसतोड मजुराची वकील नेमलं. मयताबरोबर त्याला शेवटचं जाताना एका बाईने लांबून पाहिलेलं. त्याच्या खोपीत कुऱ्हाड सापडली, पण तिच्यावरचं रक्त कुणाचं ते तपासणीत कळलं नाही. तरी तो दोषी ठरला. शिक्षेवर बोलताना मी म्हणाले, एवढ्या पुराव्यावर कोंडलेला माणूस चूक कळल्यावर सोडता तरी येईल. न्यायाधीशांनी जन्मठेप दिली. मी अपील करणार आहे.

बाहेर मयताची आई बाकावर होती. तिने मला हाक मारली. "त्यानं केलं न्हाई, हे तुमी बघितलंय का?" मी नाही म्हणाले. "मग कावून बोलल्या त्याच्यासाठी?" चुलीपाशी बोललेलं तुमचं वाक्य ओठावर आलं होतं, पण त्या बाईपुढे ते बोलवेना. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

हे पत्र कुठे धाडणार? फायलीतच राहील. म्हणून एक लिहून टाकते. तुमच्या साक्षीनंतर शाळेत पोरी माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. त्यांनी मला पुन्हा जवळ घ्यावं म्हणून मी सांगितलं, दादांनी तोंड पाहिलंय, ते भितात. गाव केवढं, तुमच्या कानावर आलंच असणार. तुम्ही मला कधी विचारलं नाही.