पहिली टोपली

कॅरिगडन,
१ फेब्रुवारी १९९४, सेंट ब्रिजिडचा सण

प्रिय फिन्टी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी पोचलं. तू खुशाल आहेस, लेकीचं कॉलेज नीट चाललंय, वाचून बरं वाटलं. मीही बरी आहे. गुडघा ओल्या हवेत कुरकुरतो, आणि कॅरिगडनला कोरडी हवा कधी असते ते तुला ठाऊकच आहे. कोंबड्यांनी जानेवारीभर संप केला होता. परवापासून एकीला दया आली.

पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा मी ते लगेच फोडलं नाही. आधी चहा केला. माझ्या कोलमनच्या खटल्यानंतर तू हातानं लिहिलेलं हे पहिलंच पत्र. नोव्हेंबरात एक पाकीट आलं होतं, पण ते तुझ्या मंडळाचं, टाइप केलेलं. त्याबद्दल पुढे लिहीन.

आज सकाळच्या ओहोटीला शिंपले परत टाकून आले. हवा स्वच्छ होती. पलीकडचा डोंगर इतका जवळ आला होता की हात लावावा. तुला घेऊन मी जायची ते आठवतं का? तू दोन्ही खिशांत शिंपले भरायचास आणि एकेक करून टाकायचास, म्हणजे लवकर संपू नयेत. बाबा म्हणायचे, ‘टाक रे लवकर, कालवांच्या पिल्लांना बसायला जागा हवीय, ती काय उभी राहणार का?’ तुला ते खरं वाटायचं. घरी येऊन विचारायचास, पिल्लं बसली असतील का आता?

मोठा होऊन तू त्याच पिल्लांचा साहेब झालास. सबंध पश्चिम किनाऱ्यावरच्या कालवांच्या मंडळाचा व्यवस्थापक. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांपूर्वी तू आपल्या शाळेच्या हॉलमध्ये उभा राहून बोललास, ‘खाडीचा तळ थकलाय. तीन हंगाम जाळं टाकू नका, नुसते शिंपले पसरा. त्या कामाची मजुरी ब्रुसेल्स देईल.’ तेव्हा लोक तुझ्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली म्हणून निम्मे हात वर गेले. कोलमनचा हात खाली होता. घरी येताना मी त्याच्यावर चिडले, तर म्हणाला, ‘फिन्टीचं बरोबरच आहे गं. फक्त दुःखाच्या घरी जाणाऱ्या पहिल्या टोपलीचं काय ते कुणी विचारलं नाही.’

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘कै. कोलमन यांच्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा आता संपूर्ण खाडीला उपयोग होऊ शकतो.’ फिन्टी, तू कॅरिगडनचा आहेस. असं वाक्य तुला सुचतं तरी कसं?

मला नीट समजलंय का बघ. बाबांच्या वेळी सरकारनं ही खाडी गावच्या कालवं काढणाऱ्यांच्या सोसायटीला दिली, त्या हुकमात एक कलम आहे. दर तीन हंगामांनी हिशोब द्यायचा, आणि त्यातला एक जरी हंगाम परवानाधारकाच्या उपशावाचून गेला असेल, तर खाडी सरकारकडे परत. तुमच्या योजनेपुरती त्या कलमातून सूट घ्यायची होती, ती तुमच्या मंडळानं घेतली नाही. राहून गेली, असं तू लिहितोस. आणि तुम्हाला ते आठवलं नाताळनंतर, हंगाम मिटल्यावर, म्हणजे एखादी होडी पाठवून जाळं बुडवायचीही सोय नाही. आठवण करून दिली ती शहरातल्या कंपनीच्या वकिलानं. त्यांना इथं लोखंडी मंचांवर परदेशी कालवं वाढवायची आहेत, आणि अर्ज तयार आहे.

इतकी माणसं तीन वर्षं तुझं ऐकून पाठ मोडेपर्यंत शिंपले पसरत राहिली. तळ भरला. आता त्या तळावर कंपनीचे मंच उभे राहणार, कारण आम्ही सांगितल्याप्रमाणे वागलो.

आणि वाचवू शकतो कोण, तर एकटा कोलमन. तुमचा वकील म्हणतो, कलमात ‘परवानाधारकाने हंगामात उपसा केला’ एवढंच लिहिलंय. परवानगीनं केला की चोरून, ते विचारलेलंच नाही. मधल्या वर्षाचा तर कोर्टाचा निकालच आहे. पहिल्या वर्षीही तो गेला असावा असा तुझा कयास आहे, आणि मी तसं शपथेवर सांगावं अशी तुझी विनंती.

तुझा कयास बरोबर आहे. पहिल्या वर्षी तो गेला होता. हंगामाची पहिली टोपली त्या वर्षी माणूस गेलेल्या घरी, या रीतीनं सारा मोलॉयच्या दाराशी ठेवली. तिचा मुलगा त्या उन्हाळ्यात लंडनला बांधकामावरून पडून गेला. साराला विचार, ती सांगेल. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही, आणि टोपली कुणी ठेवली हे विचारायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको.

दुसऱ्या वर्षीचं तुला माहीत आहे. पण तुला कागद माहीत आहे. बार्टली, सोसायटीचा राखणदार, पोलिसाला घेऊन धक्क्यावर उभा होता. भर दुपारी. कोलमन होडी लावून म्हणाला, ‘बार्टली, नुसता बघतोस काय, जड आहे, एका बाजूनं धर की.’ आणि बार्टलीनं धरली! पोलीस वैतागला. मग ती टोपली पंचनामा करून परत पाण्यात ओतली.

कोर्टात न्यायाधीशानं विचारलं, काही सांगायचंय का. कोलमन म्हणाला, ‘कालवं चांगली भरली होती, साहेब. मंडळाचा उपाय लागू पडतोय, एवढं त्यांना कळवा.’ सगळे हसले. तक्रारीवरची सही मला बाकावरून दिसत होती. तुझ्या नावाच्या पहिल्या अक्षराला तू अजून तोच वळसा देतोस. शाळेत सिस्टर बेनिग्ना आम्हाला तो गिरवायला लावायच्या, आणि तो मी तुला शिकवला, चुलीजवळ, तुझा हात माझ्या हातात धरून.

तू मला तेव्हा फोनवर म्हणालास, ‘डिम्फना, उदाहरण घालून दिलं नाही तर ब्रुसेल्स पुढचा हप्ता सोडणार नाही. घरच्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणायला नको.’ दंड फार नव्हता. पण निकाल चर्चच्या फाटकाशी वाचून दाखवायची काय गरज होती? त्यानंतर खानावळीत कोलमन शिरला की शेजारचं स्टूल रिकामं व्हायचं. शिंपले पसरायच्या दिवशी तो फावडं घेऊन गेला तर सोसायटीचा अध्यक्ष, फेस्टस मॅनियन, म्हणाला, ‘कोलमन, तू घरी जा. तुझ्या हातचं नको.’ तो घरी आला, फावडं धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. मला म्हणाला, आज लवकर आटपलं.

इथं थांबते. दिवा लावायची वेळ झाली. तुझ्या विनंतीचं उत्तर आजच देता येईल असं वाटलं होतं, पण हात दुखतोय.

शुक्रवार

पत्र टाकलं नाही. मधे फेस्टस येऊन गेला, म्हणून पुढे लिहिते.

डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारात उभा. सोबत डझनभर अंडी. माझ्याकडे कोंबड्या आहेत हे तो विसरला असावा.

‘डिम्फना,’ म्हणाला, ‘झालं गेलं विसर बाई.’

‘कुठलं झालं आणि कुठलं गेलं ते वेगवेगळं सांग, म्हणजे विसरायला सोपं जाईल.’

‘तुझी जीभ तशीच आहे.’

‘ती तरी राहू दे. बस.’

बसला. चहा घेतला. मग म्हणाला, ‘दोन वर्षांचं जमेल, असं फिन्टन म्हणतो. तिसरंच अडलंय. कोलमन ऑक्टोबरात वारला, त्यानंतर कोण जाणार पाण्यात? सगळ्यांना विचारलं. सगळे प्रामाणिक निघाले. असा राग आला गं, एक तरी चोर असायला नको होता का गावात?’

मी त्याला म्हटलं, ‘फेस्टस, कोलमनला पकडलं त्या वर्षी तुझी आई गेली होती. कोलमनची टोपली तुझ्या दाराशी चालली होती.’

त्यानं कप खाली ठेवला. ‘माहीत आहे,’ म्हणाला. ‘कोर्टातच कळलं. त्या वर्षी गावात दुसरं कुणी गेलंच नव्हतं.’

कळलं होतं! आणि मार्चमध्ये त्यानं कोलमनला घरी पाठवलं. मी अंडी परत दिली. त्यानं ती घेतली.

फिन्टी, आता तू ज्याची चौकशी केली नाहीस ते लिहिते.

कोलमन गेला तेव्हा तो होडीला डांबर लावत होता. ती पाण्यात ढकलायची त्याला बंदी होती, तरी दर वर्षी लावायचा तसं. मी हाक मारली, जेवायला ये, आणि आला नाही म्हणून बघायला गेले. ब्रश हातात तसाच होता. मातीला तू आलास, मागे उभा राहिलास, जेवायला थांबला नाहीस. माणसं कमीच होती, थांबला असतास तर बरं दिसलं असतं. मग नोव्हेंबरात ते टाइप केलेलं पाकीट आलं: कोलमनचा परवाना त्याच्या विधवेच्या नावे केला आहे. खाली छापील दुःख. मी ते परवानापत्र मेरीमातेच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. म्हटलं, तीन ओळी हातानं लिहिल्या असत्या तर काय झालं असतं.

डिसेंबर लागला. पहिला सोमवार, टोपलीचा दिवस, आला आणि गेला. त्या वर्षी गावात आणखी कुणी मेलं नव्हतं. दुःखाचं घर एकच होतं. सकाळी दार उघडताना मी खाली बघायची. मूर्खपणाच. खाडी बंद, आणि उघडी असती तरी चोराच्या दारात कोण ठेवणार होतं?

आपली आई गेली ते वर्ष तुला आठवतं का? तू सहा वर्षांचा होतास. दार तूच उघडलंस. टोपली ओली होती, खाली पाणी साचलं होतं. तू ओरडलास, ‘डिम्फना, आईनं पाठवलंय!’ आणि मी हो म्हटलं. बाबांनी एकेक कालव फोडून तुला भरवलं. तू रडता रडता खात होतास आणि पाणी किती खारट आहे म्हणून हसत होतास. आई गेल्यावर तू हसलास तो पहिला दिवस.

आठ डिसेंबरला, मेरीमातेच्या सणाला, सगळं गाव चर्चमध्ये मिस्साला गेलं. मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. सिस्टर बेनिग्ना वरून बघत असतील तर त्यांनी माझा कान पिळायची तयारी करून ठेवावी. मी कोलमनचा कोट घातला, होडी ढकलली. लहानपणी बाबांबरोबर जायची, त्यानंतर वल्हं हातात घेतलं नव्हतं. ओढजाळं तळाला लागलं, घासलं, आणि मग जड झालं. हातानं वर ओढताना तळव्यांची सालं निघाली. फिन्टी, काय भरलाय तो तळ! एका ओढीत टोपली शिगोशीग. तळहाताएवढी कालवं, पाठीवर पिल्लं बसलेली. तुझा उपाय खरंच लागू पडला. मी भर खाडीत एकटी बसून मोठ्यानं रडले, आणि तुझं कौतुकही वाटलं, ते का वाटावं म्हणून आणखी रडले.

धक्क्यावर बार्टली होता. तो कधीच मिस्साला जात नाही, ते मी विसरले.

‘सकाळी सकाळी कुठं गेली होतीस गं बये?’

‘वारा खायला.’

त्यानं टोपलीकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं. ‘वारा जड दिसतोय,’ म्हणाला, आणि एका बाजूनं धरली. आमच्या दारापर्यंत आणली, पायरीवर ठेवली, आणि रीतीप्रमाणे मागं न बघता गेला. मी मागच्या दारानं घरात शिरले आणि पुढचं दार उघडलं. टोपली होती.

सेंट ब्रिजिडच्या दिवशी मी परत टाकून आले ते शिंपले याच टोपलीचे. तू पत्र वाचताना विचारशील असं वाटलं होतं, कुठले शिंपले, कुठल्या टोपलीचे. पण तू आता असं काही विचारत नाहीस.

तेव्हा तुझं तिसरं वर्ष माझ्याकडे आहे. परवानाधारक मी, हंगाम चालू होता, साक्षीदार बार्टली. परवाना तूच पाठवलास. कंपनीच्या वकिलाला यात भोक सापडणार नाही, कारण मी गुन्हा नाकारणार नाही.

मी हे मंडळासाठी करत नाही, फेस्टससाठी तर नाहीच. सारा मोलॉय फार थकली आहे. येत्या डिसेंबरात कुठल्या दारात टोपली जाईल ते ठाऊक नाही, पण ती आपल्या खाडीतलीच असली पाहिजे, कंपनीकडून विकत आणलेली नव्हे.

माझी अट एकच. नुसत्या शपथपत्रावर भागवायचं नाही. कोलमनवर जशी केलीत तशीच माझ्यावर फिर्याद करायची, त्याच कोर्टात. निकाल त्याच फाटकाशी वाचायचा, मिस्सा सुटल्यावर, सगळे बाहेर आल्यावर. वाचायचा फेस्टसनं. आणि फिर्यादीवर सही तुझी, टाइप केलेल्या नावाची नव्हे, हाताची. इथं माझ्या टेबलाशी बसून कर. घरच्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणायला नको.

पेन मी देईन. पहिल्या अक्षराचा वळसा नीट काढ. हात थरथरला तर मी धरीन, पूर्वी धरायची तसाच.

त्या दिवशी दार उघडल्यावर ‘आईनंच पाठवलंय’ असं तुला खोटं सांगणारी,
तुझी थोरली बहीण,
डिम्फना,
कॅरिगडनची कालवंचोर