तिसऱ्या ओळीआधीची जागा

रविवार, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला थांबलाय, बोलणं मात्र थांबलेलं नाही. "वेळेवर जेवतोस का, हे आधी विचार" असं तिचं फर्मान आहे, म्हणून आधी विचारलं.

फोनवर तू "ताई, झालं का गं रेकॉर्डिंग?" म्हणतोस, मी "होतंय, होतंय" म्हणते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. परवा तर तू म्हणालास, "बुधवारपर्यंत नाही जमलं तर राहू दे. इथे एक मुलगी आहे, छान गाते." मी म्हणाले, "मग गाऊ दे की!" किती गोड आवाजात म्हणाले, ऐकलंस ना? त्यानंतर एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी शिवली आणि सगळी उसवत बसले.

तर तू पाठवलेलं ते साउंड कार्ड, माइक कॉम्प्युटरला जोडायची ती डबी. माझ्या शिवणाच्या खोलीत मांडलंय, दुरुस्तीला आलेल्या कोटांच्या रांगेपुढे. आवाज घुमत नाही तिथे, हे तूच सांगितलं होतंस. पहिले काही दिवस माइकपुढे गळा काढून गायले, पण ऐकताना आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि वर आईचं सगळं बोलणं स्वच्छ! आईला वाटलं, मी तिचंच रेकॉर्डिंग करतेय. ती पदर सारखा करून बसायला लागली. मग कळलं, सॉफ्टवेअरमध्ये साउंड कार्ड निवडायचंच राहिलं होतं. कॉम्प्युटर बिचारा स्वतःच्याच कानानं ऐकत होता आणि तुझा महागाचा माइक नुसता शोभेला उभा.

ते निस्तरलं तर माझाच आवाज मला हेडफोनमध्ये उशिरा यायला लागला. मी एक शब्द पुढे, मागून मीच येतेय. तू सांगितलंस तसा तो बफरचा आकडा कमी केला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग आपल्या त्या जुन्या गाण्याचा तू वाजवून पाठवलेला कीबोर्डचा ट्रॅक लावला. आता खरं सांगते, पहिल्यांदा नुसता ऐकला. दोनदा ऐकला. मग उठून भांडी घासली.

गायला लागले तर जमेना. सॉफ्टवेअरमध्ये ती ठोक्याची टकटक असते ना, मला वाटलं ती लावलीच पाहिजे, त्याशिवाय गाणं धरणारच नाही. दोन ओळी नीट जायच्या, आणि तिसरीच्या तोंडाशी टकटक एकीकडे, तुझा कीबोर्ड दुसरीकडे. मी तुझ्यावर अशी चिडले! म्हटलं, साहेब तिकडे जाऊन तालाला कच्चे झाले. नीट बघितलं तर त्या ठिकाणी तुझ्या ट्रॅकमध्ये थोडी रिकामी जागा दिसली. काहीच नाही वाजवलेलं. झालं, माझ्यातली शिंपीण जागी झाली. जास्तीचं कापड दिसलं की माझा हात राहतो होय? कापून टाकलं आणि दोन तुकडे जोडून दिले. टकटकीशी अगदी शिवण जुळली. मी स्वतःवर खूश.

आणि गाताना तिसऱ्या ओळीवर दमच पुरेना. पुन्हा गायले, पुन्हा तेच. वाटलं, वय झालं, संपलं आता, त्या मुलीला सांगून टाकावं. हेडफोन काढून कोटांकडे बघत बसले.

आणि मग लख्ख उमगलं रे. तिसऱ्या ओळीआधी मला मोठा श्वास लागतो. नेहमीच लागायचा. तू लहान होतास तेव्हापासून वाजवता वाजवता माझ्या खांद्यांकडे बघायचास. खांदे वर गेले की थांबायचास, खाली आले की सुरू. कुणी तुला शिकवलं नव्हतं. आपण दोघं त्याबद्दल कधी एक शब्दही बोललो नाही. तिथे, त्या परक्या खोलीत, समोर कुणी नसताना तू माझ्या श्वासासाठी थांबलास. आणि मी ती जागा कात्रीनं कापून टाकली!

कापलेलं परत आणता येतं त्यात, हे फार बरं आहे. टकटक बंद केली, तुझा ट्रॅक होता तसा केला आणि एकदाच गायले. मधे आईनं "गॅस बंद केलास का?" विचारलंय, तेही आलंय त्यात. दुसऱ्यांदा गाणार नाही. पहिल्यांदाच कशी गायले हे मला माहीत आहे, आणि तुला ऐकताच कळेल.

फाइल या पत्राच्या आधीच तुझ्याकडे पोचेल. ठेव किंवा त्या मुलीकडून गाऊन घे. मी रुसणार नाही. रुसेन, पण कळू देणार नाही. फक्त तिच्यासाठी वाजवशील तेव्हा तिच्या खांद्यांकडे बघून वाजव. माझं माप तिला बसणार नाही.

बारक्या, एवढं सगळं लिहून जे लिहायचं होतं ते अजून लिहिलेलंच नाही. हे यंत्र तू कौतुकानं पाठवलंस, मी वापरलं. पण त्याचं खोकं उघडलं त्या दिवशीच माझ्या मनात आलं, की आता हा यायचा नाही. आवाज इकडून तिकडे जायची सोय झाली, आता माणसाला कशाला यावं लागतंय! आईसुद्धा हेच मनात धरून आहे. ती बोलत नाही, बाकी सगळं बोलते.

मला गाणं पुरं झालेलं नको आहे. तू खोलीत हवा आहेस. तू चुकव, मी चिडेन, पुन्हा पहिल्यापासून घेऊ. ये रे. कामाचं निमित्त शोधू नकोस, नुसता ये.

खांदे वर करून थांबलेली,
तुझी ताई