वाळूत शाळेचे बूट

चिरंजीव,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. तुझी बायको-मुलं आज समुद्रावर गेली. दर सुट्टीत तू नेणार असायचास आणि ऐनवेळी तुझं काम निघायचं, म्हणून या खेपेला तिनंच बेत आखला. पोरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटा सारखा विचारायचा, "आजी, आपल्या कुत्र्याला पोहता येतं का गं?"

"त्याला येतं. तुला येत नाही, तू काठावर राहा."

सायकली गाडीच्या टपावर बांधताना मला उघड्या पिशवीत शाळेचे बूट दिसले.

"अगं, वाळूत हे कशाला?"

सूनबाई दोरीची गाठ आवळत राहिली. "आई, पोरांसमोर नको."

तेव्हा कळलं, ही मंडळी परत यायची नाहीत. तिला थांब तरी कोणत्या तोंडानं म्हणू? आयुष्यभर सगळ्यांना धाकात ठेवलं, आज नुसती दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिले.

तिच्या हवाली केलं: दोन नातवंडं, दोन सायकली, हवेचा पंप, कुत्रा आणि त्याचा पट्टा. तिनं माझ्या हातावर ठेवली, तिच्याकडची घराची किल्ली.

तुझी,
आई