काजळ्या गोठ्यातच राहील

मी, मनस्वी देवराम वेखंडे, वय २८, कृषी अभियंता, राहणार डोळखांब, ता. शहापूर, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःहून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप नाही. तिची शस्त्रक्रिया ११ मार्चला आहे.

१. आईने माझ्या नावे केलेली उतारावरची वीस गुंठे भातखाचरे व गोठा धाकटा भाऊ ऋतिक यास मिळावा. अट एकच: आमचा म्हातारा बैल काजळ्या मरेपर्यंत याच गोठ्यात राहील. तो विकल्यास हे सर्व चुलतबहीण कुणालीकडे जाईल.

कारण नोंदवते. तीन वर्षांपूर्वी मी आमचे दोन्ही बैल वर्षभर मोजले: चारा किती खाल्ला, नांगर किती दिवस ओढला. बांड्याने एकतीस दिवस काम केले आणि तीनशे पासष्ट दिवस खाल्ले. मी तक्ता दाखवला, बाबांनी बांड्या विकला. तक्त्यात शेणाचा रकाना नव्हता. त्या उन्हाळ्यात राब भाजायला, म्हणजे रोपांची जागा शेणपाला पसरून जाळायला, निम्मेच शेण निघाले. रोपे पिवळी पडली, अर्धी खाचरे ओस राहिली. शेजारचे धाऊकाका बांधावरून म्हणाले, "गो इंजिनेर, बैलानं खाल्लेलं काय हवेत जातं?" बाबा यावर काही बोलले नाहीत. आजवर नाहीत.

काजळ्या आता नांगर ओढत नाही. शेण रोज नऊ किलो देतो. ऋतिकने पॉवर टिलर पाहून ठेवला आहे. टिलर शेण देत नाही, याची त्याने नोंद घ्यावी.

२. चारा-शेण तोलायचा माझा ताणकाटा धाऊकाकांना. त्यांना साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको, असे वकील म्हणाले. काका म्हणाले, "सही ऱ्हाऊ दे. काटा दे."

३. मोजणीची वही बाबांना. शेणाचा रकाना मी नंतर आखला आहे. बांड्याच्या पानांवर तो कोरा आहे.

४. माझ्या दहनासाठी गोवऱ्या विकत आणाव्यात. घरचे शेण मार्चमध्ये राबाला लागते.

सहीपूर्वीची दुरुस्ती: मसुदा बाबांनी वाचला. म्हणाले, "नऊ नाय गो. दहा. मी रोज काट्याला लावतो." कलम १ मध्ये नऊऐवजी दहा वाचावे. कलम २ रद्द. काटा बाबांकडेच राहील. त्यामुळे धाऊकाकांची साक्ष आता चालते.

सही: मनस्वी देवराम वेखंडे
साक्षीदार: १. धाऊ गोमा हरड (तक्रारीसह) २. नेहा प्रणय निमसे
डोळखांब, २ मार्च २०२५