हत्तीपुढचं प्यादं

नाना, तुम्ही सकाळी हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलंत आणि डबा घेऊन पॉवर हाऊसच्या बसला गेलात, तेव्हापासून चाल माझी आहे. तेव्हा मी परकर नेसणारी तुमची पोर होते, आता माझी नात नववीला आहे. एका चालीला एवढा वेळ कोणी घेतं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी मला त्या पोरीबद्दल सांगू द्या, कारण तिच्यामुळेच मी लिहायला बसले आहे. चौथीनंतर पेन हातात धरलं ते किराणा लिहायलाच, तेव्हा अक्षराला हसू नका.

काय पोरगी आहे, नाना! नाक अगदी तुमचं, आणि नाकावरचा रागही. बुद्धिबळाच्या सामन्यांना जाते, ढाली आणते, त्या ठेवायला शोकेस पुरत नाही म्हणून सूनबाईने देवघरावर फळी ठोकून घेतली. आता देवांच्या डोक्यावर ढाली. तिच्या फोनमध्ये साऱ्या जगाने खेळलेले डाव भरून ठेवलेत. त्याला ती डेटाबेस म्हणते. पट जसा मांडला असेल तसा फोनमध्ये मांडायचा, की खाली चाली येतात. इथून कोणी काय काय खेळलं, कितीदा खेळलं. प्रत्येक चालीपुढे एक पट्टी. पांढरा जिंकला तेवढी पांढरी, काळा जिंकला तेवढी काळी, आणि बरोबरी झाली तेवढी मधे राखेसारखी करडी. पोरगी पलंगावर पालथी पडून पट्ट्या बघते आणि त्यातली चांगली चाल पाठ करते. मी विचारलं, "म्हणजे पुढे काय होणार ते सांगतो का गं हा, पोपटवाल्या ज्योतिषासारखं?" तर म्हणते, "नाही गं आजी, आधी काय काय झालंय तेवढंच सांगतो. पुढचं आपलं आपण." मग मी हळूच विचारलं, "यात मेलेल्या माणसांचेही डाव आहेत का?" ती म्हणाली, "आहेत की! शंभर वर्षांपूर्वीचेसुद्धा." माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी म्हटलं, "मग तुझ्या पणजोबांचा असेल?" ती हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "त्यांचे डाव कोणी लिहून ठेवलेत का आजी?" कोण लिहिणार? आपण दोघं खेळायचो, आणि तिसरी आई, ती तर पट उचलून चुलीत घालायला टपलेली.

एकलहऱ्याच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खिडकीच्या कट्ट्यावर तुम्ही प्लायवूडवर रंगवलेला पट आहे, नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणलेल्या सोंगट्या आहेत. त्यातलं एक पांढरं प्यादं हरवलं होतं, म्हणून तुम्ही त्या जागी पितळेचा नट ठेवला होता, हत्तीच्या पुढ्यात, कडेला. तो सरकवला की टक् असा आवाज यायचा. पहिली पाळी असली की तुम्ही जाताना एक चाल करून जायचात. मी दिवसभरात उत्तर द्यायचं. परत आलात की खांद्यावर टॉवेल टाकून तुम्ही चहाला बसणार, आणि पहिला घोट घेईपर्यंत पटाकडे बघणार नाही. मी तिथेच घुटमळायची. आई सायखेड्याची, तिचा तोंडाचा पट्टा चालू. "पोरीच्या जातीला घोडे नाचवायला शिकवताय, भाकरी करपली ती नाय दिसत?" तुम्ही म्हणायचात, "करपू दे एक. काळ्या बाजूने मी खातो." एकदा मी पिठाच्या हाताने घोडा उचलला आणि परत ठेवला, तर तुम्ही चहा खाली ठेवून म्हणालात, "हात लागला की चाल झाली. घोडाच हलव." मी रडले, वजीर गेला, तरी तुम्ही ऐकलं नाही. आणि आपल्याकडे प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर चालायचं. दोन घरं उडी मारणाऱ्याला तुम्ही म्हणायचात, "बस सुटली का तुझी?"

त्या दिवशी नवा डाव होता. तुम्ही नट एक घर पुढे केलात, टक्, आणि गेलात. मी दुपारपर्यंत विचार करत होते. उत्तर ठरवलं होतं, पण हात लागला की चाल झाली, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत लावायचा नाही असं मनात होतं. बस आली. बसमधून शेजारचे काका उतरले, ते आपल्या दाराशी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, आत चला." तुमच्या छातीत कळ आली होती. पुढचं मी लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मी काय उत्तर ठरवलं होतं ते मात्र त्या गर्दीत माझ्या डोक्यातून पार गेलं. किती आठवलं, परत आलं नाही.

पट माझ्याबरोबर सासरी आला, मग नाशिकरोडला. वर्षातून एकदोनदा दुपारी घर रिकामं असलं की मी मांडते. एकतीस सोंगट्या जागेवर आणि नट एक घर पुढे, एवढा डाव लक्षात ठेवायला शाळा लागत नाही. मांडते, समोर बसते, आणि डब्यात भरते. चाल करत नाही. लोकांना वेड वाटेल, तुम्हाला वाटणार नाही. चाल माझी आहे तोवर तुम्ही ड्युटीवर आहात. मी चाल केली की तुमची पाळी येणार. आणि मग तुम्ही आला नाहीत, तर? एवढंच भय आहे, नाना, दुसरं काही नाही. पण मागच्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं, टेबलावर पडल्या पडल्या वाटलं की आपण इथेच गेलो तर डाव आपल्यामुळे अडला म्हणतील. म्हणजे तुम्ही म्हणाल.

तर परवा नातीने मला पकडलं. शाळा लवकर सुटली होती. "आजी, हे काय मांडलंस? आणि हा नट?" सांगावं लागलं. तिने लगेच फोन काढला, तुमची चाल त्यात घातली. मी विचारलं, "खेळतं का गं कोणी असं?" "खेळतात, पण फार कमी. बघ, किती खाली आहे यादीत." म्हणजे आहे! कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी तुमचं प्यादं एक घर सरकवलंय, नाना. मला एवढा आनंद झाला की मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती उत्तरं दाखवायला लागली. "ही खेळ. यात काळा जास्त जिंकतो." मी म्हटलं, "मला जिंकायचं नाही." "मग?" "दोन घरांच्या सगळ्या चाली काढ आधी. आणि उरलेल्यांत करडं कुठे जास्त आहे ते बघ." ती म्हणाली, "आजी, बरोबरी म्हणजे डाव लांब चालतो असं नसतं हं. दहा चालींतपण हात मिळवून उठतात लोक." मी म्हटलं, "उठू देत. हात तर मिळवतात ना?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर बोट वर-खाली करत बसली. मग म्हणाली, "ही. घोड्यापुढचं प्यादं एक घर. इतकं करडं दुसरीकडे नाही."

मी हात पुढे केला, मागे घेतला, पदराला पुसला. पीठ नव्हतं, तरी पुसला. पोरगी म्हणाली, "मी करू का?" "नको." मग बोट लागलं, आणि लागल्यावर तुमचाच नियम. चाल झाली. काही झालं नाही, नाना. खाली भंगारवाला ओरडत गेला. पोरीने विचारलं, "आता पणजोबांची चाल डेटाबेसवरून बघायची?" मी एवढ्या जोरात नाही म्हणाले की ती दचकली. पट तसाच राहू द्या, कोणी आवरायचा नाही, असं घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, जेवायचं टेबल आहे ते." मी म्हटलं, "मांडीवर ताट घेऊन जेव."

काल सकाळी उठले, ओट्याकडे जाताना टेबलावर नजर गेली, आणि पांढरं हललेलं होतं. नंतर चष्मा लावून पाहिलं. राजापुढचं प्यादं, चांगलं दोन घरं पुढे. फोनच्या यादीत सगळ्यात वर असणार ते. पोरीला विचारलं तर दप्तर भरता भरता मान खाली घालून म्हणाली, "तू किती वेळ वाट बघशील, म्हणून केली." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्यादं मागे ठेवलं. दुसऱ्याचा हात, तो मी धरत नाही. चाल तुमचीच आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते माहीत नाही, तेव्हा पटाखालीच ठेवते. एक मात्र सांगून टाकते. दोन घरं वगैरे चष्मा लावल्यावर दिसलं. त्याआधी नुसतं पांढरं हललेलं दिसलं होतं, आणि तेवढ्यात मी ओट्याकडे जाऊन चहाच्या आधणात तुमच्यापुरतं पाणी वाढवून आले होते.